पाट्या वाचणारीची लेक

मंगळवार, ९ डिसेंबर. मलकापूर. यांच्या आत्यांची तेरवी.

हजर: मी, हे, लेक तेजू आणि जावई. खामगावहून तेजूच्या सासूबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई. हिवरा आश्रम या गावाहून, आत्या, तुमच्या मावसबहीण सुभद्राबाई, नातवाच्या आधारानं. महिला वाचक मंडळातल्या बहुतेक सगळ्या. आणि तुमच्याकडून ब्लाउज शिवून नेणाऱ्या बाया. त्यांतल्या बऱ्याच जणींची नावं मला येत नाहीत. त्या मागच्या दारानं आल्या, पदर खोचून पोळ्या लाटायला बसल्या आणि मी पान वाढते म्हणेपर्यंत निघूनही गेल्या.

आत्या, एवढं लिहिताना मी सवयीनं कागदावर डावा हात आडवा धरला. तुम्ही पाठीमागून येऊन मोठ्यानं वाचाल म्हणून. घरात मी यादी लिहीत जायची आणि तुम्ही वाचत जायच्या. तूरडाळ, साबण, गॅसचा नंबर लावणे, लाइटबिल. टीव्हीवर खाली पळणाऱ्या बातम्या, औषधाच्या पाकिटावरचं बारीक लिखाण, समोरून जाणाऱ्या एसटीची पाटी, ट्रकच्या मागचा शेर, लग्नपत्रिकेतली लहान मुलांची आग्रहाची ओळसुद्धा. डोळ्यांपुढं अक्षर आलं की ते तुमच्या तोंडून बाहेर पडायचंच. पाहुणे बसलेले असले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आत्या, आम्हाला येतं वाचता."

"येते ना. मी कुठं म्हन्ली येत नाही?" असं म्हणून तुम्ही पुढची ओळ वाचायच्या.

हे हसायचे. "राहू दे वं. आपल्या घरी रेडिओ फुकट हाये."

"फुकट कायचा? दोन टाइम जेवते रेडिओ," तुम्ही म्हणायच्या.

मंडळाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर मी लिहावं असं ठरलं आहे. सगळ्यांना वाटतं, अर्चनाकडं माहिती तयारच असणार. आहे. जन्म, शाळा, लग्न, लवकर आलेलं वैधव्य, माहेरी परत येणं, भावाच्या संसारात खिडकीजवळ मांडलेलं शिलाई मशीन. सगळं एका कागदावर आहे आणि तो कागद मी बाजूला ठेवला आहे. त्यात तुमच्या आईंबद्दल एक गोष्ट खोटी आहे आणि ती मी लिहिलेली आहे.

मंडळ तुमच्यामुळे उभं राहिलं, हे आधी सांगते. मी घरोघर फिरून चिठ्ठ्या वाटल्या होत्या, सतरंज्या मागवल्या होत्या, चहाची व्यवस्था केली होती, आणि वेळ झाली तरी कुणी आलं नव्हतं. मी सतरंज्या गोळा करायला लागले. तेवढ्यात तुम्ही आलात, मागं तुमच्या गिऱ्हाईक बायांची रांग. कुणाचं ब्लाउज तयार होतं, कुणाचं व्हायचं होतं. "तठी बसा, मग देते," असं सांगून तुम्ही त्यांना आणलं होतंत. त्या दिवशी पुस्तकातली गोष्ट तुम्हीच वाचलीत. मी नुसती घड्याळाकडं पाहत होते. माझी सगळी व्यवस्था तुम्ही वाचवलीत, आणि नंतर कधी बोलूनही दाखवलं नाहीत.

आता ती गच्चीवरची दुपार.

मंडळानं यंदा गावातल्या पहिल्या शिकलेल्या बायांच्या आठवणीचा कार्यक्रम ठरवला होता. ज्या बाया आता नाहीत त्यांच्या नावानं मानपत्र, आणि ते घ्यायला घरातली बाई. मंडळाचा जुना कापडी फलक मी धुऊन गच्चीत दोरीवर टाकत होते. ऊन माझ्या पाठीवर होतं. तुम्ही फलकाच्या पलीकडं पापड वाळत घालत होतात. कापड ओलं असल्यानं अक्षरं आरपार गेली होती. पलीकडून तुमचा आवाज यायला लागला. मंडळाचं नाव, गाव, खालचं घोषवाक्य, सगळं एका दमात.

मी चिमटे घेऊन तुमच्या बाजूला आले आणि पाहिलं. त्या बाजूनं अक्षरं उलटी होती, आरशात दिसावीत तशी. मला पहिला शब्द लागेना.

"आत्या, हे उलटं कसं वाचलंत?"

"उलटं? मले दोन्हीकडून सारखंच दिसते. माह्या मायनं शिकवलं. तिचं कामच ते व्हतं."

"कसलं काम? आजेसासूबाई तर मुंबईला शाळेत शिकवायच्या ना?"

तुम्ही पापड पालथा केलात. "कोन म्हन्ते?"

"मामंजी म्हणायचे."

"तुहा सासरा तिच्या मांडीवर निजून राह्यचा थेटरात. त्याले काय मालूम?"

माझ्या मामंजींचं असं वर्णन मी पहिल्यांदा ऐकलं. कडक इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध, चार माणसांत शब्द तोलून बोलणारे. ते तान्हे असताना मुंबईच्या एका पत्र्याच्या थेटरात, अंधारात, बायांच्या घोळक्यात झोपलेले होते.

मग तुम्ही सांगितलंत. चित्रपट मुके होते तेव्हाची गोष्ट. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची, आणि मधूनमधून ती काय बोलली ते अक्षरांत यायचं. त्याला तुमच्या आई पाटी म्हणायच्या. त्यांचं नाव वच्छला. मलकापूरच्या मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या, कारण तुमचे वडील तिथं कापसाच्या दलालाकडं मुनीम होते. चाळीतली एक खोली. पुढं वडिलांना विषमज्वर झाला. जीव वाचला, पण उभं राहिलं की पाय लटपटायचे. नोकरी गेली. त्याच चाळीत खालच्या मजल्यावर थेटरात पेटी वाजवणारा एक माणूस राहायचा. तो म्हणाला, आमच्या मालकाला वाचता येणारी बाई हवी आहे.

"थेटरात बाई कायले लागते?" मीही तुमच्याच बोलीत विचारलं होतं.

तेव्हा तुम्ही पापड सोडून मोकळ्या हातानं मला ते थेटर दाखवलंत. दोरीवरचा फलक म्हणजे पडदा.

"पाह्य. पुढून माणसं, मांगून बाया. मधात कापड. ते ओलं ठेवत, म्हंजे उजेड आरपार जाये. चित्राचं काय, घोडा इकडून आला काय न तिकडून आला काय, घोडाच. पन पाटी आली का मांगून उलटी. माणसाइले पुढचा मास्तर वाचून दाखवे. त्याचा आवाज पेटी-तबल्यात बुडून जाये, मांगं काहीच येत नव्हतं. मंग बायाइले कोन सांगन? माही माय सांगे."

"उलटं वाचून?"

"उलटं वाचून. पयले दिवशी म्हने घाम फुटला. मंग घरी आरशापुढं पंचांग धरून बसली."

एका बाजूला स्टूल, त्यावर वच्छलाबाई, मांडीवर तान्हे मामंजी. पाटी आली की एकदा वाचायचं, थांबायचं, मग पुन्हा वाचायचं. लेकरंवाल्या बायांसाठी दुसऱ्यांदा, कारण त्यांची मान पहिल्या वेळी लेकराकडं असते. देव दिसला की वाचायचं नाही, तेव्हा बाया हात जोडतात. राक्षसानं पोरगी पळवली की बाया ओरडायच्या, आणि त्याच त्या चित्रात रोज बसणाऱ्या वच्छलाबाईंना हाक मारायच्या, "सुटते का वो बाई ती?" त्या सांगायच्या, "सुटते, सुटते. चना खा."

मी हसले. तुम्हीही हसलात. आई अंधारात बसून सगळ्यांना शेवट सांगून टाकायची, याचा तुम्हाला केवढा अभिमान होता. मग तुम्ही जरा थांबून दुसरी गोष्ट सांगितलीत. एका चित्रात अशी पाटी यायची की ती बाई कुळाला बट्टा लावून पळाली. वच्छलाबाई ती पाटी तशी वाचायच्या नाहीत. त्या वाचायच्या, तिला घरातून हाकलून दिलं. मागं बसलेल्यांत कोण कोण घरातून निघालेल्या असत, ते त्यांना ओळखू यायचं. मालक पुढं माणसांत बसायचा, त्याला काय पत्ता.

चाळीतल्या बायांनी वच्छलाबाईंना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. त्याच बाया नवं चित्र लागलं की जिन्यात अडवून म्हणायच्या, जरा पुढची जागा धरून ठेवा.

"मंग पडदाच बोलायले लागला," तुम्ही म्हणालात. "मालक म्हने, बाई, आता तुमी नाही आल्या तरी चालते."

बोलपट आले आणि तुमचे आईवडील गावी परतले. मलकापूर स्टेशनात वच्छलाबाईंचे सासरे उतरवून घ्यायला आले होते. ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यांनी सुनेला सांगितलं, इथं कुणी विचारलं तर शाळेत होती म्हणायचं. वच्छलाबाई जन्मभर तसंच म्हणाल्या. फक्त घरात, चुलीपुढं, पुडीच्या कागदावर असेल ते मोठ्यानं वाचत राहिल्या. तुम्ही तिथं शिकलात, कागद दिव्यापुढं पालथा धरून उलटं वाचणंसुद्धा.

"तू लिहून राह्यली ना त्या कार्यक्रमाचं?" तुम्ही विचारलंत. "मंग लिही. माही माय थेटरात वाचे. मायचा सासरा गेला, माय गेली, भाऊ गेला. आता मले कोनाचं भेव हाये? लिही."

"बरं, लिहिते," मी म्हटलं.

विश्वास बसला नाही म्हणून लिहिलं नाही, असं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. मी तर दोरीवरचा फलक तुम्हाला मागून वाचताना ऐकलं होतं. विश्वास पूर्ण बसला होता. खाली येऊन टेबलाशी बसले आणि नाव, जन्मगाव, शिक्षण लिहून झाल्यावर पुढं लिहिलं: मुंबई येथे शिक्षिका. लिहिताना हात अडला नाही.

तेजूचा साखरपुडा नुकताच झाला होता. विहीणबाई कार्यक्रमाला येणार होत्या. थेटर म्हटलं की लोक नाचणारी बाई धरतात हे मला माहीत होतं, कारण तुम्ही सांगायला सुरुवात केलीत तेव्हा पहिल्या क्षणी मीही तेच धरलं होतं. मला कुणी दम दिला नव्हता. यांना मी विचारलं नाही, तेजूला सांगितलं नाही. स्टेशनातल्या त्या सासऱ्यांना निदान गावाची भीती होती. मला फक्त कार्यक्रम नीट पार पाडायचा होता.

मानपत्र घेणाऱ्या घरातल्या बाईनंच ते वाचायचं, ही आमच्या मंडळाची पद्धत. तीही तुमच्यापासून पडलेली. पहिल्या वर्षी वाचणारी ऐनवेळी लाजली तेव्हा तुम्ही उठून वाचलं होतंत. त्यामुळे त्या दिवशी तुमच्या हातात माइक दिला तेव्हा सभागृह सावरून बसलं. तुम्ही मोतिया रंगाचं नऊवारी नेसला होतात. विहीणबाई पहिल्या रांगेत, मी स्टेजच्या कडेला पुढच्या नावाचा नारळ घेऊन उभी.

तुम्ही वाचायला लागलात. एक वाक्य, मग थांबणं, मग मागच्या रांगांकडं बघणं. जन्म मलकापूरचा. शिक्षण चौथी. त्या काळात मुलीला शाळेत घालणाऱ्या त्यांच्या वडिलांचं कौतुक. मग तुमचे डोळे पुढच्या ओळीवर गेले. ती ओळ तुम्ही मनात वाचलीत. अक्षर पाहून तुमचे ओठ मिटलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"चष्मा राह्यला वं घरी," तुम्ही माइकमध्ये म्हणालात.

चष्मा तुमच्या नाकावर होता. लोक हसले, प्रेमानंच हसले. म्हातारपणाचा विसरभोळेपणा वाटला त्यांना. मी नारळ ठेवला, पुढं झाले, तुमच्या हातातून कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं की वच्छलाबाई मुंबई येथे शिक्षिका होत्या. टाळ्या पडल्या. विहीणबाईंनीही वाजवल्या.

 घरी आल्यावर मी मानपत्राबरोबरच्या शालीची घडी करत होते, तेव्हा विचारलंत.

"काऊन वं, अर्चना?"

मी तयारच होते. पाहुण्यांपुढं कशाला, लोकांना मागचापुढचा संदर्भ नसतो, थेटर या शब्दाचा कोण काय अर्थ काढेल, तेजूचं नवं घर आहे. सगळं ओळीनं सांगितलं. तुम्ही ऐकत होतात. माझं शेवटचं म्हणणं मला फार बिनतोड वाटलं होतं.

"आणि आत्या, तुमच्या आईनंही पाटी बदलून वाचलीच ना?"

"माय मांगं बसलेल्या बाईसाठी बदले," तुम्ही म्हणालात. "तू कोनासाठी बदललं?"

मी शालीची घडी पुन्हा सरळ केली. तुम्ही माझ्या हातातली शाल पाहिलीत.

"तू लय नीटनेटकी हायेस. माह्या मायलेबी घडी करून ठेवून दिलं."

तो वाद तिथंच राहिला. तुम्ही पुन्हा काढला नाहीत, आणि मीही काढला नाही, कारण मला त्यात हरायचं नव्हतं. पण त्या दिवसानंतर तुम्ही घरात मोठ्यानं वाचणं सोडलंत. रुसून नव्हे. माझ्याशी बोलायच्या, हसायच्या, तेजूची सगळी ब्लाउजं तुम्हीच शिवलीत, हळदीला तिच्या गालाला हळद लावून काहीबाही चेष्टा केलीत. फक्त टीव्हीवर अक्षरं पळत राहायची आणि तुम्ही काजं करत बसायच्या. लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा मी ती तुमच्या हातात दिली. तुम्ही ती उलटसुलट पाहिलीत. "चांगली झाली," म्हणालात, आणि परत दिलीत.

हे म्हणाले, "रेडिओ बिघडला का वं?" कुणी हसलं नाही.

लाज वाटते ती आणखी एका गोष्टीची. पहिले काही दिवस मला बरं वाटलं होतं. घर शांत झालं होतं.

नोव्हेंबरात तुम्हाला धाप लागायला लागली आणि आपण दवाखान्यात गेलो. त्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद केलेला. खाली बातम्यांची ओळ पळत होती. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. काय झालं मला कळत नाही, मी ती ओळ मोठ्यानं वाचायला लागले. कापसाची खरेदी, कुठल्या तरी रस्त्याचं काम, उद्याचं हवामान. माझा आवाज मलाच परका वाटत होता. नर्सनं वळून पाहिलं.

"हळू," तुम्ही डोळे न उघडता म्हणालात.

मी हळू वाचलं.

"वाचल्यावर थांब. लेकरंवाल्या बाया असतात मांगं."

मी थांबले.  तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी, सोनाळ्याकडची होती ती, कुशीवर वळली.

"थांबली काऊन वं, बाई? वाच ना. मले नाही येत."

आत्या, इतकी वर्षं आपल्या बैठकीत ब्लाउज द्यायला-घ्यायला बाया येऊन बसायच्या. टीव्ही चालू असायचा, तुम्ही मशीनवर, त्या खाली चटईवर. त्यांच्यापैकी कोणाला वाचता येतं आणि कोणाला नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, आम्हाला येतं वाचता. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मी तुझ्यासाठी वाचत नाही. म्हणाला असतात तर त्या बायांसमोरच म्हणावं लागलं असतं.

त्या म्हातारीला मी हवामान पुन्हा वाचून दाखवलं. तेव्हाच तुम्हाला सांगायचं होतं की माझं चुकलं, आपण ते मानपत्र पुन्हा लिहू. शब्द तोंडात तयार होते. डॉक्टर आले. त्यांनी औषधं बदलली, मी कागद घेऊन खाली दुकानात गेले, तिथं रांग होती, मग यांचा फोन आला, मग तुमच्यासाठी पेज आणायची होती. कामं आली की मी फार बरी असते. नंतर बोलू, असं मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात तेव्हाही मी खालीच होते, रिपोर्ट घेत होते.

तुम्ही मला वाचायला शिकवून गेलात, एवढं माझ्या पदरात पडलं. ते मी घेते आणि जन्मभर विसरणार नाही. पण त्यावरून तुम्ही मला माफ केलंत असं मी धरणार नाही. तुम्ही रागावलेल्या असतानाही समोरच्याचं ब्लाउज नीटच शिवायच्या.

आता आजचं सांगते. हे सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

पंगत बसली होती. वांग्याची भाजी फिरत होती. विहीणबाई शेजारच्या बाईंना तुमच्याबद्दल चांगलं बोलत होत्या. घर शिकलेलं, आत्यांचं वाचन केवढं, असं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यांच्या आई शिक्षिका होत्या ना हो मुंबईला? त्या कार्यक्रमात तुम्ही वाचलं होतं बघा."

सगळं जागेवर होतं. माणसं होती, प्रश्न समोरून आला होता, तुमच्या फोटोला हार होता. तेजूचं लग्न होऊन गेलं होतं, म्हणजे माझं ते कारणही आता उरलं नव्हतं. बुंदीचं पातेलं माझ्या हातात होतं.

मी "हो" म्हटलं. आणि बुंदी वाढली.

समोरच्या रांगेत सुभद्राबाई जेवत होत्या. त्यांनी मान वर केली. मला वाटलं, त्यांना कमी ऐकू येतं. जाताना मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता, पण पकड चांगली होती.

"शाळेचं नाव काय व्हतं वं?" त्यांनी विचारलं.

मी मोकळ्या हातानं त्यांचा पदर सारखा केला.

"नाही, मी म्हनलं तुले मालूम असन," असं म्हणून त्या नातवाचा हात धरून गाडीत बसल्या.

म्हणून इथं सरळ लिहिते. तुमच्या आई, वच्छलाबाई, मुंबईच्या एका थेटरात पडद्यामागं बसलेल्या बायांना मुक्या चित्रांतल्या पाट्या वाचून दाखवायच्या. आजारी नवऱ्याचं आणि लेकराचं पोट त्यांनी त्या कामावर भरलं. ते काम त्या फार चांगलं करायच्या. त्या कुठल्याही शाळेत शिक्षिका नव्हत्या. मंडळाच्या मानपत्रात तसं लिहिलं ते मी लिहिलं, आणि भरसभेत वाचलंही मीच.

हे यांना मघाशी वाचून दाखवलं. त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, "बाबा थेटरात झोपत होते?" आणि डोळे पुसत हसले. तेजूला फोन केला, तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू मला हे आत्या असताना काऊन नाही सांगितलं?" 

मजकूर अंकासाठी उद्या जाईल. पण विहीणबाईंना हे छापलेलं वाचून कळणं बरोबर नाही. मी ज्या तोंडानं आज हो म्हटलं त्याच तोंडानं त्यांना सांगायला हवं, आणि अंक निघायच्या आधी. तेजू म्हणाली मी सांगते, मी नको म्हटलं.

भाड्याची पातेली परत गेली. उरलेली बुंदी वाटून झाली. तुमच्याकडं शिवायला आलेली कापडं बायांची नावं विचारून विचारून वेगळी बांधून ठेवली. थोड्या वेळापूर्वी खामगावहून विहीणबाईंचा फोन आला होता, नीट पोचल्याचा. मी विचारलं, रस्त्यात गर्दी होती का. त्या म्हणाल्या, कापसाच्या गाड्या होत्या थोड्या. मी म्हटलं, थकला असाल, आराम करा. त्या म्हणाल्या, तुम्हीही करा. आणि मी फोन ठेवला. सांगायचं राहिलं.